'ॲग्री'ला जायचंय, की एमपीएससीला?

नीटचा निकाल लागला की समुपदेशकांच्या दारात चपलांची गर्दी होते. जिल्हा वेगळा, घर वेगळं, प्रश्न मात्र तोच. "स्कोअर नाही आला हो सर. बीएस्सी ॲग्रीला टाकलं तर एमपीएससीला सोपं जाईल ना?" विचारतात वडील. मुलगा किंवा मुलगी शेजारी बसून मोबाइलवर कटऑफ बघत असते.

या प्रश्नात शेती कुठेच नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं रात्रभर बसून होती. कृषी सेवेच्या 258 जागा राज्यसेवेच्या परीक्षेत धराव्यात, ही त्यांची एक मागणी होती. ती रास्त होती की नाही, हा विषय वेगळा. करिअर निवडणाऱ्या घराने फक्त तो आकडा वाचावा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या छत्राखालून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. चार वर्षं माती, बियाणं आणि कीडरोग शिकायचे, आणि पाचव्या वर्षी अभ्यासिकेत बसून पंचायतराज पाठ करायचं, यात पदवीही वाया जाते आणि वयही. प्रवेशाच्या वेळी वाढीव गुणांसाठी सातबारा हौसेने जोडणारं घर पदवी हातात आली की म्हणतं, "काहीही कर, शेती नको."

शिक्षणाच्या वाटा चार ओळींत सांगून होतात. दहावीनंतर कृषी पदविका. बारावी विज्ञानानंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची बीएस्सी ॲग्री किंवा कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी. पुढे पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था, हैदराबादची 'मॅनेज', आणंदची 'इर्मा', अहमदाबाद आणि लखनौच्या आयआयएममधले कृषी व्यवसायाचे अभ्यासक्रम. धंदाच करायचा असेल तर कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र ही 2002 पासूनची केंद्राची योजना आहे. 45 दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण आणि कर्जाला जोडलेलं अनुदान, असं तिचं स्वरूप. ही माहिती कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. पदवीनंतर नेमकं काम काय करायचं, ते मात्र तिथे छापलेलं नसतं.

ते बघायला लातूरला जावं. लातूर म्हटलं की पालकांना शिकवण्या, वसतिगृहं आणि 'लातूर पॅटर्न' आठवतो. त्याच शहरात सोयाबीन आणि तुरीची राज्यातली एक मोठी बाजारपेठ आहे, डाळ मिल आहेत. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक वाढते, तेव्हा आडतीवर थोडा वेळ उभं राहावं. पोत्यातून मूठभर दाणे निघतात, मॉइश्चर मशीनमध्ये पडतात आणि पडद्यावर आकडा येतो, समजा 16. भाव तिथेच उतरतो. शेतकरी मान डोलावतो, कारण ट्रॅक्टरचं भाडं देऊन आणलेला माल परत नेणं त्याला परवडत नाही.

आता हिशेब करू. समजा, 12 टक्के ओलाव्याच्या मालाला 4,400 रुपये भाव आहे आणि 16 टक्क्यांच्या मालाला 4,000. माल दहा क्विंटल. ओलाच विकला तर 40,000 रुपये. वाळवला तर वजन घटणार. दहा क्विंटलमध्ये पाणी वजा जाता 8.4 क्विंटल ऐवज. 12 टक्क्यांवर आणला की एकूण वजन भरतं साडेनऊ क्विंटल आणि थोडं वर. त्याची पट्टी सुमारे 42,000 ची. म्हणजे वाळवण्याची मजुरी दोन हजारांच्या आत बसली तरच तो खळ्यावर पसरायचा. पण ओल्या मालाचा भाव 4,250 असेल तर उत्तर उलटं येतं, ओलाच विकलेला बरा. गणित शाळेतल्या शेकडेवारीचंच आहे. आडतीवर मात्र ते व्यापाऱ्याच्या डोक्यात असतं, शेतकऱ्याच्या कागदावर नसतं. सरकारी खरेदीचा निकषही 12 टक्क्यांचाच. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली. हमीभाव होता 4,892 रुपये आणि बाजार त्याच्या खाली.

माल ठेवायचा की विकायचा, हाही हिशेबाचाच प्रश्न. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. त्या आठवणीवर पुढची दोन-तीन वर्षं पोती राखून बसलेल्यांचे हात पोळले. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजाने, 180 दिवसांसाठी. 4,400 रुपयांच्या क्विंटलवर कर्ज 3,300 आणि सहा महिन्यांचं व्याज 99 रुपये. भाव वाढेल का, हे कोणीच सांगू शकत नाही. पण किती वाढला तर थांबणं परवडेल, हे सांगणारं माणूस गावात हवं. गोदामाचं भाडं आणि वजनातली घट धरून ते सांगता येतं.

असं सांगणं हीच नोकरी आहे.

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. एवढ्या कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर पदवीधराचा संसार चालणार नाही. "गावाकडे चला" म्हणणाऱ्यांनी हे लपवू नये. पण 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत मैदानी भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला किमान 300 सभासद लागतात. तीनशे गुणिले सव्वातीन म्हणजे जवळपास हजार एकर. निम्म्यावर सोयाबीन आणि एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर चार हजार क्विंटल माल. चाळणी, वाळवण आणि एकत्र विक्री यातून क्विंटलमागे शंभर रुपये जास्त पडले, तरी चार लाख झाले. त्या योजनेत व्यवस्थापकाच्या पगारासाठी महिना 25,000 रुपयांपर्यंत मदत आहे, वर्षाचे तीन लाख. मदत तीन वर्षांची. पुढे कंपनीने स्वतःच्या कमाईवर पगार काढायचा. द्राक्षातली 'सह्याद्री फार्म्स' सगळ्यांना ठाऊक आहे. धान्याच्या बऱ्याच कंपन्या मात्र नुसत्या फलकापुरत्या उरल्या आहेत, कारण वही लिहिणारं आणि व्यापाऱ्याशी बोलणारं माणूस तिथे नाही.

या कामाला धडाडीची भाषणं लागत नाहीत. पेरणीआधी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजावं लागतं. सत्तरच्या खाली आले तर दर एकरी बियाणं वाढवायचं की नवी पिशवी आणायची, हे ठरवावं लागतं. खत, फवारणी, मळणी, हमाली, तोलाई रोजच्या रोज टिपून एक क्विंटल पिकवायला किती लागले, ते काढावं लागतं. त्यात घरच्यांची मजुरी आणि स्वतःच्या जमिनीचा खंडही धरावा लागतो, जसा कृषी मूल्य आयोग 'सी-2' खर्चात धरतो. एकरी उतारा कोणीही सांगतं. क्विंटलचा खर्च विचारला की पारावर शांतता पसरते.

आता पालकांशी थोडं कडक बोलायला हवं. शहाण्या मुलाला कोटा-लातूर आणि नापासाला शेती, ही वाटणी तुम्हीच केलीत. "शेतकऱ्याला मुलगी कोण देणार" ही भीती खरी आहे, पण तिच्यापायी मुलाची पाच वर्षं अभ्यासिकेत जाळणं हा तिच्यावरचा उपाय नव्हे. मुलीने ॲग्री केलं तर तिला "बँकेचं बघ" म्हणता आणि घरची पट्टी वाचायला भावाला बोलावता, हेही सोडा. मुलाला खरोखरच प्रशासनात जायचं असेल तर जाऊ द्या. त्यासाठी कोणतीही पदवी चालते, कृषी महाविद्यालयातली जागा अडवायची गरज नाही.

पर्याय भरण्याआधी एक काम करा. गेल्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या, खताची बिलं आणि मजुरीची टिपणं मुलापुढे ठेवा आणि क्विंटलमागे किती उरले, ते त्याला काढायला सांगा. रात्री उशिरापर्यंत तो त्यात रमला तर ॲग्रीचा अर्ज भरा. दहा मिनिटांत कंटाळून उठला तर भरू नका.