आधी दिव्याचा भाव विचारा

2016 साली आमच्या पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा ‘डिजिटल’ झाली. आदल्याच वर्षी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला होता, आमच्या केंद्रातल्या दोन शाळांनी प्रोजेक्टर बसवले होते आणि शिक्षण परिषदेत जो तो विचारायचा, ‘गुरुजी, तुमचं कधी?’ पेठ तालुक्यातला हा पाडा. दिवाळीनंतर निम्मी घरं द्राक्षबागांच्या कामाला बाहेर पडतात. तरी लोकवर्गणी जमली. कुणी शंभर दिले, कुणी भात विकून पाचशे. नारळ फुटला, फीत कापली, फोटो ग्रुपवर गेला.

तिसरीला हातच्याची वजाबाकी घेतली. पडद्यावर दशकाचा गठ्ठा टपकन सुटायचा, दहा काड्या नाचत एककाच्या घरात यायच्या आणि पोरं टाळ्या वाजवायची. मीही खूश. मग पाटीवर 42 वजा 17 दिलं. बहुतेकांचं उत्तर 35! दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढून मोकळे. गठ्ठा पडद्याने सोडला होता, पोरांच्या बोटांनी नाही. दुसऱ्या दिवशी करवंदीच्या काड्या आणि रबरबँड काढले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्याच दिवशी मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही.

पुढचा धडा प्रोजेक्टरनेच शिकवला. आमचा दिव्याचा प्रोजेक्टर. असा प्रोजेक्टर बंद केल्यावरही त्याचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तापलेला दिवा थंड करायला. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते. लाइट गेली की पंखाही बंद, दिवा आतल्या आत भाजतो. दुकानदाराने हे सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्हाला फक्त किंमत कमी करून हवी होती. दुसऱ्या पावसाळ्यात दिवा गेला. नव्याची किंमत ऐकून सरपंच गप्प बसले. सादिल अनुदानातून खडू-फळा भागेल, हा दिवा कसा बसावा? त्यातच वीजबिल थकलं आणि जोडणी तुटली.

टॅबची गोष्ट तर माझ्याच भित्रेपणाची. देणगीत चार टॅब आले होते. जडवस्तू नोंदवहीत सही माझी, फुटला तर वसुली माझ्याकडून होणार, म्हणून मी ते कपाटात कुलूपबंद ठेवले. वर्षभराने काढले तर दोन टॅबच्या बॅटऱ्या फुगलेल्या. पोरांच्या हातून एकही फुटला नाही, हे खरंच.

म्हणून आता कुणी विचारलं तर सांगतो, वस्तू घ्यायच्या आधी वीजबिल कोण भरणार याचा ग्रामपंचायतीचा ठराव हातात घ्या. दिवा, बॅटरी, दुरुस्तीचं दुकान किती लांब, हे खरेदीच्या वेळीच विचारा. आणि वापरताना मोडतोड झाली तर शिक्षकाकडून वसुली नाही, असं शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. हा कागद नसेल तर माझ्यासारखा मास्तर कुलूपच लावणार.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव झालं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे. कागदावरचा तो ठिपक्यांचा चौकोन ना फुटतो, ना त्याचा दिवा जातो. पण त्यामागचे पाठ उघडायला रेंज लागते आणि आमच्याकडे ती फक्त टेकडीवर, म्हणून तालुक्याला मीटिंगला गेलो की ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचे पुढच्या महिन्याचे पाठ फोनमध्ये उतरवून आणतो. पण तेही सगळे नाहीत. कुठल्या पोराचं कुठे अडतंय ते आधी वहीत लिहितो, मग तेवढेच.

सगळ्यात जास्त कामाला आली ती फोनमधली आवाज टिपायची सोय. चौथीतली एक मुलगी वाचताना प्रत्येक ओळीचा शेवट गिळायची. सांगून थकलो होतो. एकदा सहज तिचं वाचन रेकॉर्ड करून तिलाच ऐकवलं. तिने तोंडावर हात धरला, खाली बघितलं, मग म्हणाली, ‘गुरुजी, ते पुसा. परत वाचते.’ त्या दुपारी तिने तोच उतारा सहा वेळा वाचला. सहाव्या वेळी पूर्णविराम ऐकू आला. हल्ली दर शनिवारी प्रत्येकाचं एक मिनिटाचं वाचन टिपतो आणि द्राक्षबागेवर गेलेल्या आईबापांना पाठवतो. पलीकडून कधी कधी नुसतं हसणं येतं. पोरं तेही पुन्हा पुन्हा ऐकतात.

प्रोजेक्टर अजून जडवस्तू नोंदवहीत आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवलाय. तोवर त्याच्या खोक्यात आम्ही वजाबाकीच्या काड्या ठेवतो.