पोवाडा नको, वारा कुठून होता ते सांगा

मी हवाई दलात फ्लाइट इंजिनिअर होतो. नोकरीची सगळी वर्षं एमआय-८ आणि एमआय-१७ या रशियन हेलिकॉप्टरांत गेली. दोन वैमानिकांच्या मधे, जरासं मागे एक घडीची खुर्ची असते, ती माझी जागा. निवृत्तीनंतर नाशिकला घर केलं. हे शहरही आमच्याच बिरादरीतलं. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. त्याच तोफखान्याच्या हवाई निरीक्षण तुकड्यांतून १ नोव्हेंबर १९८६ रोजी लष्कराचं स्वतंत्र आर्मी एव्हिएशन उभं राहिलं आणि त्यांचे वैमानिक आज इथल्याच गांधीनगरच्या धावपट्टीवर तयार होतात. दर ८ ऑक्टोबरला, हवाई दल दिनी, आम्ही जुने-नवे एकत्र जमतो. एकाहत्तरच्या लढाईत तरणेबांड असलेले आता काठी टेकत येतात, आणि नुकता पहिल्या पोस्टिंगवरून सुट्टीवर आलेला सार्जंटही येतो. आठवणी पुढे कशा जातात आणि कुठे अडतात, ते या बैठकांनी मला शिकवलं. ते क्रमवार मांडतो.

१. आधी वजन सांगा, शौर्य मागाहून

आमच्यातला एखादा चीता हेलिकॉप्टरवाला सहज म्हणतो, "आम्ही सोनमला रॉकेल पोचवायचो." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिंपंच्या पिंपं येतात. प्रत्यक्षात त्या फेरीत एखादाच जेरीकॅन असायचा. सोनम ही सियाचिनवरची चौकी २० हजार फुटांहून उंच आहे. तिथली हवा इतकी विरळ, की पंख्याला धरायला काही उरत नाही. त्यात ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते. म्हणून भल्या पहाटे निघायचं, जाऊन-येऊन पुरेल एवढंच इंधन भरायचं आणि उरलेल्या वजनाचा हिशेब किलोकिलोने करायचा. हेलिपॅडवर इंजिन बंद करायचा प्रश्नच नाही. सामान ढकलायचं, आजारी जवान असेल तर आत घ्यायचा आणि मिनिटाच्या आत निघायचं.

चीता म्हणजे मूळचं फ्रेंच 'लामा'. हिमालयासाठी भारताला असं यंत्र हवं होतं, त्या गरजेतून ते घडलं. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने ते १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. उतरताना इंजिन बंद पडलं आणि नुसत्या फिरत्या पंख्याच्या जोरावर तो सुखरूप खाली आला. पण विक्रमाचं ते हेलिकॉप्टर मुद्दाम हलकं केलेलं होतं. आमचे लोक त्याच जातीच्या यंत्रात माल आणि माणसं घालून रोज हिमनदीवर जात होते. हे आकडे सांगितले की नव्या पोराला आपोआप कळतं की हे काम किती कठीण होतं. वेगळं शौर्य सांगावं लागत नाही.

२. गोष्टीला कारण जोडलं नाही, तर ती माणूस मारते

१९७१च्या डिसेंबरची मेघना नदीवरची कामगिरी आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला होता. ९ डिसेंबरला लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी आपलं सैन्य एमआय-४ हेलिकॉप्टरांतून पलीकडे रायपुऱ्याला उतरवायला सुरुवात केली. हवाई दलाच्या बाजूने ग्रुप कॅप्टन चंदनसिंग होते. रात्रीसुद्धा फेऱ्या चालल्या. उतरायच्या जागेवर टॉर्चचा उजेड, बस्स. एकेका फेरीत नेमापेक्षा जास्त माणसं कोंबली गेली.

ही गोष्ट इथेच थांबवली तर तरुण ऐकणारा काय शिकतो? की नियमापेक्षा जास्त भरलं तरी हेलिकॉप्टर उडतं. हेच डोक्यात ठेवून तो लेहला गेला तर?

त्या काळी एमआय-४ वर काम केलेले आमचे एक वॉरंट ऑफिसर म्हणूनच ही गोष्ट सांगताना नेहमी पुढचं वाक्य जोडायचे: "तो मुलुख समुद्राच्या पातळीवरचा, आणि डिसेंबरातली थंडगार रात्र." थंड, दाट हवेत तेच इंजिन आणि तोच पंखा जास्त ओझं उचलतात. पल्लाही नदीपलीकडचाच, म्हणून इंधन कमी भरून चालायचं. धाडस होतंच, पण त्याला हिशेबाचा पाया होता. हे वाक्य गळलं की गोष्टीचा पोवाडा होतो.

३. चौघं होते, चौघांची नावं घ्या

२८ मे १९९९ रोजी कारगिलमध्ये तोलोलिंगवर हल्ला चढवताना आमचं एक एमआय-१७ क्षेपणास्त्राने पडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू. कुणी ही हकीकत सांगायला लागलं की बऱ्याचदा वैमानिकांपाशीच नावं संपतात. मी सार्जंट म्हणून वाढलेला माणूस, म्हणून मला हे खटकतं, हे खरं. पण कारण तेवढंच नाही. मागे बसलेल्या दोघांची नावं गेली की त्यांचं कामही विस्मरणात जातं आणि फ्लाइट गनर होऊ पाहणाऱ्या मुलाला या गोष्टीत आपली जागाच सापडत नाही.

इथेही कारण सांगायलाच हवं. उष्णतेचा माग काढत येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या फ्लेअरची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. त्या दिवसानंतर एमआय-१७ ना हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आलं. चौघांनी जीव देऊन शिकवलेला धडा त्यांच्या नावांसकट सांगायचा असतो.

४. एक उड्डाण, तीन आठवणी

लडाखमध्ये नदीकाठच्या मऊ मातीत उतरणं कसं असतं, ते एकट्याला धड सांगता येत नाही. वैमानिकाला आठवतं ते समोरचं, ज्याच्यावर त्याने नजर रोवली होती ते एकटं झुडूप किंवा दगड. मला आठवतात घड्याळं: इंजिनांचं तापमान, पंख्याचे फेरे. आणि दारात पालथा पडून खाली बघणाऱ्या गनरला आठवते धूळ. तो इंटरकॉमवर सांगत असतो: "वीस फूट. धूळ शेपटीला. पंधरा. धूळ दाराशी. दहा. धूळ कॉकपिटला." तिथून पुढे वैमानिकाला काहीच दिसत नाही. 'पाच, तीन, चाक टेकलं' हे शब्द हेच त्याचे डोळे.

म्हणून मी आमच्या बैठकीत एकाच क्रूची माणसं जमतील तेवढी शेजारी बसवतो. एकजण सांगतो, दुसरा मधेच तोडतो: "नाही सर, धूळ आधी डावीकडून आली होती." ही तोडातोडी सगळ्यांत मोलाची. एकट्याची आठवण वर्षागणिक गुळगुळीत होत जाते, आणि शेजारी साक्षीदार असला की तिला पुन्हा कडा येतात.

५. तोंडाने सांगून भागत नाही, हाताने दाखवा

एमआय-८ च्या पंख्याच्या पात्यांत एक साधी, हुशार सोय आहे. पात्याच्या पोकळ कण्यात दाबाची हवा भरलेली असते. कुठे बारीकशी चीर गेली तर दाब उतरतो आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या दर्शकात लाल पट्टा दिसतो. पाती पाच, दर्शक पाच. लाल दिसलं की उड्डाण रद्द, मग वाट बघणारा कितीही मोठा अधिकारी असो.

हे पुस्तकात आहेच. पण मला ज्यांनी शिकवलं त्यांनी वर चढवून, माझा हात धरून एकेका दर्शकावर ठेवला होता आणि प्रत्येक वेळी मोठ्याने 'साफ' म्हणायला लावलं होतं. उणे तापमानात, पहाटे, घाई असताना डोळा पाहिल्यासारखं करतो. हात तसं करू शकत नाही. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी तसंच वर चढवलं, आणि त्यांतला एक आज स्वतः शिकवतो, तोही 'साफ' म्हणायला लावतो. हे त्याला कुणी लेखी दिलेलं नाही.

६. यंत्र म्हातारं होतं, डोंगर होत नाही

भारतीय हवाई दलाचं पहिलं हेलिकॉप्टर, सिकोर्स्की एस-५५, १९५४ साली आलं. मग एमआय-४, ज्याचं चौदा सिलिंडरचं पिस्टन इंजिन नाकात आणि कॉकपिट त्याच्या डोक्यावर. ते थंडीत कसं सुरू करायचं याच्या युक्त्या आज कुणाच्या उपयोगाच्या नाहीत. त्या गमतीने ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात.

चेतकची गोष्ट निराळी. ते १९६२ पासून सेवेत आहे. २ एप्रिल २०२२ रोजी हकीमपेटला त्याच्या साठ वर्षांचा सोहळा झाला. आजोबांनी उडवलेल्या यंत्रावरच नातू शिकतो, असं क्वचितच घडतं. १९७८ साली हेच चेतक सियाचिनवर उतरलेलं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. पुढे १३ एप्रिल १९८४ रोजी चीतांनी कॅप्टन संजय कुलकर्णींच्या तुकडीला बिलाफोंड ला खिंडीत उतरवलं, तेव्हा जवानांनी तरंगत्या हेलिकॉप्टरमधून बर्फात उड्या टाकल्या. आता ध्रुव आहे, चिनुक आहे, उद्या आणखी काही येईल. पण ताज्या बर्फावर सगळं पांढरं झालं की उंचीचा अंदाज आजही तसाच चुकतो, आणि दुपारी दऱ्यांतून सुटणारा वारा आजही तसाच सुटतो. जुन्या माणसाने आपली आठवण सांगायच्या आधी चाळून घ्यावी: यातलं यंत्राचं किती, डोंगराचं किती? डोंगराचं आधी सांगावं.

७. आता विचारायची पाळी आपली

एका बैठकीत टॉर्चच्या उजेडातल्या त्या उतरण्यांचा विषय निघाला होता. एमआय-१७ व्ही-५ वरचा एक तरुण सार्जंट शांतपणे ऐकत होता. मी त्याला म्हटलं, "तुझं सांग." तो म्हणाला, "सर, आता खालून कुणी टॉर्च मारला तर उलट पंचाईत होते. नाइट व्हिजन गॉगल उजेडाने भरून जातो, समोरचं काही दिसत नाही." मग त्याने सांगितलं, की गॉगलमधून जग हिरवं दिसतं, नजरेचा कोन जेमतेम चाळीस अंश, त्यामुळे मान सारखी फिरवत राहावी लागते आणि जवळ-लांबचा अंदाज फसतो. एकाहत्तरवाले म्हातारे पुढे सरकून ऐकत होते. त्यांचे प्रश्न इतके नेमके होते, की त्या पोराला घाम फुटला. त्या दिवसापासून तो एकही बैठक चुकवत नाही.

ऐकणाऱ्यांची पिढीही बदलली आहे. कारगिलमध्ये फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता उडवलं. २०२२च्या मे महिन्यात इथे नाशिकमध्येच कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज मिळाले आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या. 'ऐका रे पोरांनो' अशी सुरुवात करणाऱ्यांनी आता समोर नीट बघून घ्यावं.

८. गेलेल्यांबद्दल बोला, पण कुणापुढे बोलतोय ते बघून

क्रू रूममध्ये अपघाताची चिरफाड व्हायलाच हवी: कुठे, किती उंचीवर, कोणता निर्णय कधी. पुढच्याचा जीव त्यावर वाचतो. पण त्याच माणसाची पत्नी किंवा मुलगा समोर असेल तर ती गोष्ट तिथली नाही. तिथे तो मेसमध्ये काय खायचा, कोणाची नक्कल करायचा, रात्रपाळीला कुणासाठी चहा आणायचा, ते सांगावं. घरच्यांना हे कुणीच सांगितलेलं नसतं.

९. लॉगबुकात वारा नसतो

लॉगबुकात तारीख, यंत्राचा क्रमांक, तास आणि मिनिटं असतात. वारा कुठून होता, परत फिरायचा विचार कुठे आला आणि का सोडला, हे त्यात नसतं. म्हणून साधी वही घ्या आणि हात चालतोय तोवर लिहा. गुपित ते गुपितच राहू द्या. आजच्या चौक्या, मार्ग आणि वेळा व्हॉट्सॲपवर टाकायच्या नसतात. सेवेतल्या माणसाला भर बैठकीत तसले प्रश्नही विचारू नयेत. पन्नास वर्षांपूर्वीचं लिहायला मुबलक आहे.

१०. सर्वांत धाकट्याला पहिल्यांदा बोलू द्या

फौजेत ज्येष्ठता रक्तात मुरलेली. साहेब बोलले की विषय मिटला. पूर्वी आमची बैठक हुद्द्याच्या क्रमाने चालायची. ग्रुप कॅप्टन साहेब सुरू करायचे आणि धाकट्यांपर्यंत पाळी येईतो जेवणाची वेळ व्हायची. आता उलट क्रम ठेवला आहे. सर्वांत कमी सेवा झालेला आधी बोलतो. या वर्षी त्याला कुठली गोष्ट अवघड गेली, तेवढंच सांगतो. मग म्हातारे आपापल्या आठवणींतून त्याच्या अडचणीला लागू पडेल तेवढंच काढून देतात. बाकीचं जेवताना. गप्पा थोड्या कमी रंगतात, अशी काही जुन्यांची तक्रार आहे. ती मला मान्य आहे, आणि क्रम बदलणार नाही.