कमी पगार, जास्त सवलती : हिशोब कसा मांडावा?



अलीकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुण जोडप्यांच्या तोंडी एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. "फादर, नवीन नोकरी मिळते आहे. पगार आताच्यापेक्षा कमी आहे, पण पीएफ आहे, मेडिक्लेम आहे, घराजवळ आहे. घ्यावी का?" धर्मगुरूंना पगारवाढीचे पत्र येत नाही. त्यामुळे या बाबतीत सल्ला देणे आम्हाला फार सोपे जाते, आणि म्हणूनच तो जपून द्यावा लागतो. "घ्या" किंवा "घेऊ नका" असे एका शब्दातले उत्तर या लेखात नाही. हिशोब मांडण्याची रीत मात्र आपण पाहू.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत ना पगार होता, ना पगारी रजा. वडिलांच्या पिढीतले पुष्कळजण बँकेत, शाळेत, रेल्वेत लागले आणि त्यांना पगार व म्हातारपणाची सोय एकाच ठिकाणी मिळाली. आता ती गाठ सुटली आहे. राज्य सरकारच्या नोकरीतही १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. खाजगी क्षेत्रात तर एका ठिकाणी रोख रक्कम जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी सुरक्षितता जास्त, अशी विभागणीच झाली आहे. म्हणून निवड करावी लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता या सद्गुणाची तीन कामे सांगितली आहेत. प्रथम विचारविनिमय करणे, मग निर्णय करणे आणि शेवटी तो निर्णय अंमलात आणणे. आपण बहुतेकजण दुसऱ्या पायरीवर आधी उडी मारतो आणि पहिली पायरी नंतर, मन शांत करण्यासाठी चढतो. तेव्हा पहिल्या पायरीवर थोडे जास्त थांबू या.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे मी कल्पून घेतले आहेत. आपापले आकडे घालून पाहावेत. समजा एक गृहस्थ वसईहून अंधेरीला जातात. महिन्याला ४२,००० रुपये मिळतात. पण ते "प्रोफेशनल फी" म्हणून. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे नाहीत. (आठवड्याचे सहा दिवस त्याच टेबलावर, त्याच साहेबाच्या हुकमात काम करणाऱ्या माणसाला कागदोपत्री बाहेरचा व्यावसायिक ठरवणे हा न्यायाचाही प्रश्न आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी.) आता त्यांना वसईतच एका ठिकाणी बोलावणे आले आहे. एकूण पगार ३६,०००, त्यात बेसिक २४,०००. पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता हातात ३४,०००. म्हणजे दरमहा ८,००० रुपये कमी. घरात पत्नी, दोन मुले आणि साखरेचा आजार असलेली ६६ वर्षांची आई.

८,००० हा आकडा ऐकताच घरातले कोणीही नाही म्हणेल. पण नुसते हातात येणारे पैसे ताडून पाहणे म्हणजे सोललेला नारळ आणि शहाळे एका तराजूत घालण्यासारखे आहे. आधी दोन्ही बाजू एका मापात आणाव्या लागतात.

पीएफपासून सुरुवात करू. कायद्याने बेसिक व महागाई भत्त्याच्या १२ टक्के कामगाराचे आणि तितकेच मालकाचे. अनेक ठिकाणी हा हिस्सा १५,००० रुपयांच्या मर्यादेवर मोजतात, म्हणून आपल्या उदाहरणात १,८०० अधिक १,८००. आपल्या पगारातून कापलेले १,८०० हा खर्च नव्हे, ती आपलीच बचत आहे. मालकाचे १,८०० वरचे. (जुना पेन्शन सभासद असल्यास त्यातील १,२५० पेन्शन योजनेत जातात.) तेव्हा महिन्याला ३,६०० आपल्या नावावर पडतात. याशिवाय पीएफ सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला विम्याची रक्कम मिळते. २०२१ साली तिची कमाल मर्यादा ७ लाख रुपये करण्यात आली, आणि तिचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही. वर्षानुवर्षे पीएफ भरणाऱ्या घरांतही ही गोष्ट ठाऊक नसते.

पुढे औषधोपचार. नव्या ठिकाणच्या मेडिक्लेममध्ये आईचे नाव येते का, हा या घरातला सर्वात मोठा प्रश्न आहे. बाहेर स्वतंत्र पॉलिसी घेतली, तर आधीपासून असलेल्या आजारासाठी कमाल तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षे होती. कंपनीच्या सामूहिक विम्यात बहुधा हे थांबणे नसते. बाहेरच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३६,००० सांगितला असे धरू. म्हणजे महिन्याला ३,०००. प्रवासात रेल्वेपास, रिक्षा आणि बाहेरचा नाश्ता धरून १,८०० वाचतात. वर्षात १२ दिवस सुट्टी होतच असेल, तर ४२,००० भागिले २६ या दराने महिन्याला १,६१५ रुपये आज बुडतात; पगारी रजेत ते बुडणार नाहीत.

सगळे मिळून १०,०१५ रुपये. समोर ८,०००. ग्रॅच्युइटी मी यात धरलेली नाही. वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे, २६ दिवसांचा महिना धरून, ती २४,००० बेसिकवर वर्षाला सुमारे १३,८४६ रुपये होते. पण कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, ठराविक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांसाठी ही अट एका वर्षावर आली आहे.) गंमत अशी की ऑफर लेटरमधल्या सीटीसीच्या आकड्यात ग्रॅच्युइटी पहिल्या दिवसापासून मिळवलेली असते. मालकाचा पीएफही त्यातच असतो. म्हणून सीटीसीला बाराने भागून मिळणारा आकडा हा पगार समजू नये.

तर मग कागदावर कमी पगाराची नोकरी सरस ठरली. इथेच पुष्कळजण वही मिटतात, आणि इथेच खरी अडचण सुरू होते. पीएफमधल्या ३,६०० रुपयांनी शाळेची फी भरता येत नाही. मेडिक्लेमच्या ३,००० रुपयांचेही तसेच. आज हा गृहस्थ पॉलिसीचा हप्ता भरतच नसेल, तर ते पैसे त्याच्या खिशात उरणार नाहीत. रोख स्वरूपात वाचणारे पैसे दोनच, प्रवासाचे १,८०० आणि रजेचे १,६१५. एकूण ३,४१५. म्हणजे दर महिन्याला घरखर्चात ४,५८५ रुपयांची तूट येणार. घराचा हप्ता थकला तर बँक "तुमचा पीएफ किती जमला?" असे विचारत नाही. मोल आणि रोकड या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि कुटुंबाला दोन्ही लागतात.

म्हणून नवराबायकोने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून सोडवायचा प्रश्न हा ४,५८५ रुपयांचा आहे, ८,००० चा नव्हे. मोठ्याची शिकवणी आता बाबा घरी लवकर येतील म्हणून बंद करता येईल का? पत्नीची शिवणाची कामे वाढतील का? की कर्जाचा हप्ता आणखी दोन वर्षे इतका जड आहे की काही सुटतच नाही? शेवटचे उत्तर "होय" असेल, तर आहे ती नोकरी चालू ठेवून आईसाठी आजच एखादी लहान पॉलिसी सुरू करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. जास्त पगाराची नोकरी टिकवणे म्हणजे लोभ असा अर्थ कृपया कोणी काढू नये. शुभवर्तमानातला मनोरा बांधू पाहणारा माणूसही आधी खाली बसून खर्च मोजतो. त्याबद्दल प्रभूने त्याला दोष दिलेला नाही.

आता वेळेकडे पाहू. नऊ तासांची ड्युटी आणि येण्याजाण्याचे तीन तास, असे बारा तास गुणिले २६ म्हणजे ३१२ तास. नव्या ठिकाणी आठ अधिक एक, म्हणजे २३४. तासाला आज सुमारे १३५ रुपये पडतात, तिथे १४५ पडतील. शिवाय महिन्याचे ७८ तास परत मिळतात. विरार लोकलमध्ये दारात लटकून गेलेले तास पगाराच्या स्लिपवर कोठेच छापलेले नसतात. मात्र या ७८ तासांचे काय होणार याचा प्रामाणिक विचार करावा. ते मुलांच्या अभ्यासात आणि आईच्या डॉक्टरकडच्या फेऱ्यांत जाणार असतील तर त्यांना मोल आहे. नाक्यावर जाणार असतील तर लोकल बरी.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमाविषयी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात वेतनाच्या जोडीलाच औषधोपचार, आठवड्याची विश्रांती, वार्षिक रजा, म्हातारपणाचे पेन्शन आणि अपघाताचा विमा यांचा विचार केलेला आहे. या गोष्टी मालकाची मेहेरबानी नव्हेत, त्या कामगाराच्या हक्कांत मोडतात, ही भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे "सवलत" हा शब्द रूढ झाल्यामुळे आपण त्या मागायलाही संकोचतो. मुलाखतीत "मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत का? पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० वर? रजा किती, आणि त्या प्रोबेशनमध्ये मिळतात का?" असे सरळ विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. "आपल्या माणसांना काही कमी पडू देत नाही" हे वाक्य दवाखान्याच्या काउंटरवर चालत नाही.

वरचा हिशोब प्रत्येक घराला जसाच्या तसा लागू होणार नाही. पत्नीच्या नोकरीत सर्व कुटुंबाला, सासूसह, विमा असेल, तर नवऱ्याच्या दुसऱ्या मेडिक्लेमची किंमत फारच कमी धरावी. ईएसआयसी असलेल्यांनी उलट्या बाजूनेही पाहावे. २०१७ साली त्यासाठीची वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. मर्यादेच्या थोडाच वर पगार देणारी आणि स्वतःचा मेडिक्लेम नसलेली नोकरी स्वीकारली, तर चार पैसे वाढतात आणि आईवडिलांसह सगळ्यांचे उपचार जातात. ज्यांची सध्याच्या ठिकाणी पाच वर्षे भरत आली आहेत त्यांनी तारीख पाहूनच हलावे. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, हे चाळिशी ओलांडलेल्यांनी विसरू नये.

सल्ला कोणाचा घ्यावा? प्रथम पत्नीचा किंवा पतीचा. मग त्या ठिकाणी आज काम करणाऱ्या आणि तिथून सोडून गेलेल्या एकेकाचा. दोघांचे म्हणणे एकत्र केले की खरे चित्र दिसते. निवृत्त बँक कर्मचारी आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत, हिशोब तपासून देण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. विमा विकणाऱ्याला मात्र नोकरी बदलावी का असे विचारू नये. माझ्याकडे अवश्य या, पण वही घेऊन या.

शेवटी तिसरी पायरी. नोकरी बदलायचे ठरले, तर नेमणूकपत्र हातात पडल्यावाचून राजीनामा देऊ नये. नोटीशीचे दिवस पूर्ण करावेत, अनुभवाचा दाखला आणि कापलेल्या कराचा दाखला मागून घ्यावा. जुना पीएफ असेल तर तो काढू नये, त्याच यूएएन क्रमांकावर नव्या खात्यात वळवून घ्यावा. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो. पहिल्या पगारानंतर दोन महिन्यांनी पासबुक उघडून मालकाचा हिस्सा खरोखर जमा होतो आहे की नाही ते पाहावे, आणि मेडिक्लेमच्या कार्डावर आईचे नाव व जन्मतारीख बरोबर छापली आहे का तेही तपासावे.