जारवरचं ‘ओझोनाइज्ड’ काय सांगतं?

पोट बिघडलं म्हणून कोणी दवाखान्यात आलं की मी आधी पाण्याची चौकशी करतो. हल्ली बरेच जण सांगतात, “डॉक्टर, नळाचं पाणी बंद केलंय. क्लोरीनचा वास येतो. आता ओझोनचा जार घेतो, त्यात केमिकल नसतं.” ही समजूत निम्मीच खरी आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

निम्मं खरं ते असं. 1974 मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं, की पाण्यात उतरलेल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या अंशांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. असं पाणी वर्षानुवर्षं पिण्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असे संकेत पुढे मिळाले आणि शहरांचा ओढा क्लोरीनच्या पर्यायांकडे वाढला. पण जो पदार्थ जंतूचं कवच फोडतो, तो पाण्यातल्या इतर घटकांनाही सोडत नाही. क्लोरीन गेलं तरी ही रासायनिक क्रिया थांबत नाही, फक्त तिच्यातून निघणारा पदार्थ बदलतो.

ओझोनचंच पाहा. पाण्यात ब्रोमाइड नावाचा निरुपद्रवी क्षार असेल, तर ओझोन त्याचं रूपांतर ब्रोमेटमध्ये करतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ब्रोमेटमुळे मूत्रपिंडात गाठी झाल्या. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पोटॅशियम ब्रोमेट तुम्हाला ऐकून माहीत असेल. पाव फुगावा म्हणून ते पिठात घालत, आणि 2016 मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली.

हे कागदावरचं भय नाही. 2004 च्या फेब्रुवारीत कोका-कोला कंपनीने ब्रिटनमध्ये ‘दसानी’ हे बाटलीबंद पाणी आणलं. नळाचंच पाणी आर.ओ.ने गाळायचं, चवीसाठी खनिजं मिसळायची आणि शेवटी ओझोन सोडायचा, अशी पद्धत होती. मिसळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होतं. ओझोनने आपलं काम केलं, ब्रोमेट कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलं आणि मार्चमध्ये सुमारे 5 लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. नळाच्या मूळ पाण्यात हा दोष नव्हता, तो शुद्ध करताना आत आला. गाळणं, खनिजं आणि मग ओझोन हा क्रम आपल्याकडच्या अनेक प्रकल्पांतही असतो. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड भरपूर असतं, त्यामुळे किनाऱ्याजवळ खारं पाणी शिरलेल्या बोअरचं पाणी नीट न गाळता त्यात ओझोन सोडला जात असेल, तर मला अधिक काळजी वाटते.

दुसरा पर्याय क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचा संयोग. यात ट्रायहॅलोमिथेन कमी होतात, पण एनडीएमए नावाचं घातक रसायन बनू शकतं. ॲसिडिटीच्या रॅनिटिडिन गोळ्यांत 2019 मध्ये सापडलं होतं, तेच हे. वॉशिंग्टन शहराने 2000 मध्ये क्लोरामाइन वापरायला सुरुवात केली. त्याने जुन्या शिशाच्या नळांच्या आतला थर विरघळू लागला आणि शिसं लोकांच्या पेल्यात उतरलं. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते.

तिसरा पर्याय क्लोरीन डायऑक्साइड. त्यापासून पाण्यात क्लोराइट आणि क्लोरेट राहतात. ते जास्त झाले तर तांबड्या पेशी फुटतात आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना हा धोका अधिक असतो. करोनाच्या काळात काही देशांत क्लोरीन डायऑक्साइडचं द्रावण औषध म्हणून विकलं गेलं. कोणी कितीही खात्री दिली, तरी ते पिऊ नका.

आता घरचं. ओझोन काही वेळात पाण्यातून निघून जातो, मागे राखण करायला काही उरत नाही. जार उघडल्यावर घाणेरड्या तोटीतून किंवा हातातून गेलेले जंतू त्यात सुखाने वाढतात. म्हणून तोटी आणि स्टँड दर जारला धुवा, आणि उघडलेला जार दिवसेंदिवस तसाच ठेवून वापरू नका. विक्रेत्याकडे एफएसएसएआयचा परवाना आहे का ते बघा. पाणी कुठल्या बोअरचं आणि ब्रोमेटची तपासणी शेवटची कधी झाली, हेही विचारा. पाणी उकळल्यावर क्लोरीनचा वास आणि बरेचसे ट्रायहॅलोमिथेन उडून जातात, ब्रोमेट मात्र जात नाही.

नळाच्या पाण्याला येणारा हलका वास मला आश्वासक वाटतो. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं आपलं मानक सांगतं. वास नकोसा वाटत असेल, तर पाणी स्वच्छ भांड्यात झाकून काही तास ठेवा. ट्रायहॅलोमिथेन, ब्रोमेट अशा उपपदार्थांचा धोका अनेक वर्षांत थोडाथोडा साठतो, तर कॉलरा आणि गॅस्ट्रो काही तासांत बाळाचं अंग सुकवून टाकतात. जागतिक आरोग्य संघटनाही स्पष्ट सांगते, की उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. या पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकायला आला, तर कृपा करून त्याला अडवू नका.