स्क्रू टाकण्याआधी

मणक्यात स्क्रू टाकून घ्यायला निघालेला कुणी भेटला की मी आधी एकच विचारतो: कंबर जास्त दुखते की पाय?

माझा पाय दुखायचा. भालकीच्या बसस्थानकावरून दुकानाकडं येताना मध्येच कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागायचं. पुढं वाकून बसलं की पायातल्या मुंग्या थांबायच्या, उठून चाललं की पुन्हा सुरू. हैदराबादच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी एमआरआय उजेडाला धरला आणि म्हणाले, “गादी गेलीय, फ्यूजन करून टाकू.” टेबलावर झोपवून तपासलंसुद्धा नाही. पन्नाशीनंतर काहीच दुखत नसलेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्येही झिजलेली गादी दिसते, हे पुढं सोलापूरच्या डॉक्टरांकडून कळलं. त्यांनी उभं करून, पुढं-मागं वाकवून एक्स-रे काढले. कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून सरकत होता आणि पायाकडं जाणारी नस दाबत होता. व्यायाम, गोळ्या, इंजेक्शन करूनही फरक पडेना, तेव्हा ऑपरेशन ठरलं. दोन्हीकडचं उत्तर एकच, पण सोलापूरच्या उत्तराला कारण होतं.

फ्यूजनमध्ये दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी धरून ठेवतात, मध्ये हाडाचे तुकडे भरतात. स्क्रू नुसता आधार देतो. जुळायचं ते हाडानं, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. बिडी-सिगारेटवाल्यांचं हाड जुळायला अडतं, साखर वाढलेली असली तर जखम पिकायची भीती जास्त. जुळलेली जागा पुन्हा कधी वाकत नाही. तिचा भार शेजारच्या मणक्यांवर येतो आणि काहींना काही वर्षांनी तिथंही ऑपरेशन लागतं.

म्हणून डॉक्टरांना विचारा, नुसती नस मोकळी करून भागेल का? नस दबलेल्या रुग्णांवर स्वीडनमध्ये झालेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. नस मोकळी करताना फ्यूजनही केलेले रुग्ण दोन वर्षांनी इतरांपेक्षा बरे नव्हते. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या छोट्या अभ्यासात मात्र मणका सरकलेल्यांना फ्यूजनचा थोडा फायदा दिसला.

माझा पाय सुटला. कंबर अजून धरते, पंगतीत मांडी घालून बसवत नाही, तुरीच्या पोत्याला तर हात लावायचा नाही. साडूची नुसती कंबर दुखायची, तरी स्क्रू पडले. तो आजही बेल्ट बांधून फिरतो.

रात्री ताप येत असेल, वजन उतरत असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे आधी बघा. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये फ्यूजन सुरू झालं ते याच रोगासाठी; आज तो बहुतेकदा गोळ्यांनीच बरा होतो, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

पैशाचं आधी बोला. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण सहसा सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्रानंही 2023 मध्ये ठरवलं. आपलं गाव त्यात आहे का, विचारून घ्या. संमतीपत्र इंग्रजीत असतं. कुणाकडून तरी मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

मात्र लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेत बसू नका. त्याच रात्री गाडी काढा.