पिशवीतली शेवटची बाटली

दवाखान्यात येताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. परवा साठी ओलांडलेल्या एक काकू अशीच पिशवी घेऊन आल्या. टेबलावर रक्तदाबाची गोळी आली, रक्त पातळ करणारी आली, पित्ताची आली. "आणखी काही?" मी विचारलं. "नाही डॉक्टर, बाकी काही नाही." पण पिशवीच्या तळाशी एक बाटली राहिली होती. काढून पाहिली, तर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. गुडघेदुखीसाठी मुलीने ऑनलाइन मागवून दिलेल्या, तीन महिन्यांपासून चालू. "ती हळदच हो," काकू म्हणाल्या, "ते काय औषध थोडंच आहे?"

हे वाक्य मी हल्ली इतक्यांदा ऐकतो, की त्यावर सविस्तर लिहायला हवं असं वाटलं.

हळदीवरचा आपला विश्वास मी समजू शकतो, तो माझ्याही घरातून आलेला आहे. बोट कापलं की चिमूटभर हळद, मुका मार लागला की आंबेहळदीचा लेप, घसा बसला की हळदीचं दूध. जखमेवर हळद लावण्याच्या वापराचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्याचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र तो वाद हे ज्ञान कुणाचं, याचा होता. हळदीतला एकच घटक वेगळा काढून रोज पोटात घेतला तर काय होतं, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो घटक म्हणजे कर्क्युमिन. हळदीला पिवळा रंग देणारा. साध्या हळदीत तो साधारण तीन टक्के असतो. काही वाणांत जास्त. घरच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीडेक ग्रॅम हळद पडते. त्यात कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही घरातल्या चौघांच्या ताटांत वाटलं जातं. आता काकूंची बाटली बघा. '५०० मिलिग्रॅम अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स', असं लेबल. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. एवढं मिळवायला पंधरा-सोळा ग्रॅम हळद लागेल. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे चहाचे दहा चमचे. आपल्या कुठल्याही आजीने एका दिवसात कुणाला एवढी हळद खाऊ घातलेली नाही. त्यामुळे 'पिढ्यान्‌पिढ्या खात आलोय' हा दाखला फोडणीतल्या हळदीला लागू आहे, कॅप्सूलला नाही. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरवली आहे: शरीराच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. एकच कॅप्सूल तिच्या अडीचपट होते.

मग इतकं कर्क्युमिन पोटात जाऊन त्याचं होतं काय? फार थोडं कामी येतं. ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. आतड्यातून जे थोडंफार आत शिरतं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू जोडून निकामी करतात आणि बाहेरची वाट दाखवतात. उरलेलं शौचावाटे निघून जातं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजून दाखवलं. निरोगी माणसांना तब्बल २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. मग त्यासोबत २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे काळ्या मिरीतला तिखट घटक, दिला. शोषण वीसपट झालं.

आज बहुतेक बाटल्यांवर मिरवला जाणारा '२००० टक्के जास्त शोषण' हा दावा तिथून आला आहे. आकडा खरा आहे, पण दोन गोष्टी लेबल सांगत नाही. जवळजवळ शून्याची वीसपट झाली तरी ती थोडीच राहते, आणि त्या अभ्यासात ही वाढ दिसली ती पहिल्या तासाभरात. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पिपरीन कर्क्युमिनला उचलून आत नेत नाही. नको असलेले पदार्थ निकामी करणारी आतड्यातली आणि यकृतातली यंत्रणा ते मंदावतं. दारावरच्या पहारेकऱ्यालाच झोपवतं म्हणा ना. पहारेकरी झोपला की फक्त कर्क्युमिन आत येत नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलिन, प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातली पातळी पिपरीनमुळे वाढते, हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आणि फेनिटॉइनच्या बाबतीत योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं.

शोषण वाढवायचे आणखीही मार्ग आहेत: स्निग्ध पदार्थात गुंफलेलं कर्क्युमिन, अतिसूक्ष्म कणांचं, हळदीच्याच तेलात मिसळलेलं. यांतल्या अनेकांचे मोठाले आकडे मोजताना शरीराने निकामी केलेलं कर्क्युमिनही हिशेबात धरलेलं असतं. म्हणून 'शंभरपट', 'दोनशेपट' अशा आकड्यांवरून बाटली निवडू नका.

फायदा काहीच नाही का? तसं मी म्हणणार नाही. गुडघ्याच्या संधिवातात थोडा पुरावा आहे आणि तो मी मानतो. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर चार आठवडे केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन यांचा वेदनेवरचा परिणाम जवळपास सारखा निघाला, आणि पोटाचा त्रास अर्कात कमी झाला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० रुग्णांवर बारा आठवडे अर्काची तुलना नुसत्या दिखाऊ गोळीशी केली. दुखणं थोडं कमी झालं, पण गुडघ्यातली सूज आणि पाणी जसंच्या तसं राहिलं. म्हणजे आराम मिळू शकतो, झिजलेली कूर्चा भरून येत नाही. कर्करोग, विस्मरण, मधुमेह यांवरच्या मोठ्या दाव्यांना मात्र आधार कमकुवत आहे. त्या आशेवर चालू उपचार सोडणारी माणसं मला भेटतात, तेव्हा पोटात गोळा येतो.

आता यकृताबद्दल. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने हळदीच्या गोळ्यांमुळे कावीळ-हिपॅटायटिस झालेल्या दहा रुग्णांची नोंद केली आहे. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. तिघांच्या गोळीत मिरीचा अर्क होता. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला, म्हणजे काही माणसांची घडणच अशी असते की त्यांना हा त्रास होतो. इटली आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यंत्रणांनीही अशा घटनांनंतर इशारे दिले. एकूण घेणाऱ्यांच्या मानाने हे दुर्मीळ आहे, यात शंका नाही. पण तुम्ही त्यांतले आहात की नाही, हे बाटली उघडण्यापूर्वी कळत नाही. कॅप्सूलने शौच पिवळट झालं तर घाबरू नका, तो रंगच आहे. लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, अन्नाची वासना गेली, तर त्याच दिवशी गोळी बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

पित्ताशयात खडे असतील तर ही कॅप्सूल घेऊ नका, कारण कर्क्युमिन पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनीही टाळावी. हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं. अंगात लोह कमी असेल, गर्भारपण असेल, मूत्रपिंड बदलल्यावरची टॅक्रोलिमस चालू असेल, केमोथेरपी चालू असेल, तर स्वतःच्या मनाने नकोच. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान दोन आठवडे आधी थांबवा.

हे पूरक पदार्थ अन्न म्हणून एफएसएसएआयच्या परवान्यावर विकले जातात. बाटलीवरचा चौदा आकडी क्रमांक उत्पादकाला परवाना आहे एवढंच सांगतो, गोळी तुमच्या आजारावर लागू पडते असं नाही. मात्र तो क्रमांकही नसेल तर बाटली घेऊच नका. तरुण, बाकी कुठलंही औषध चालू नसलेल्या माणसाला गुडघ्यासाठी करून पाहायचंच असेल, तर डॉक्टरांना सांगून, मिरीचा अर्क नसलेली, जेवणासोबत, सहा ते आठ आठवडे. फरक पडला नाही तर सोडून द्या.

स्वयंपाकातली हळद मात्र यातल्या कशानेही कमी करू नका. तेलाच्या फोडणीत, डाळीत, मिरपुडीसोबत ती जाते, तेच तिचं योग्य प्रमाण. शक्य असेल तर सांगलीची नाहीतर वायगावची हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या पुडीत चकचकीत पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार आपल्याकडे आणि बांगलादेशात सापडले आहेत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं.

काकूंना मी कॅप्सूल थांबवायला सांगितली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ती चालवणं मला मान्य नव्हतं. दोन्ही मिळून रक्तस्राव व्हायची भीती असते. दंडावर दोन निळे डाग त्यांनी आपणहून दाखवले, 'कुठे आपटलं तेही आठवत नाही' म्हणत. रक्त गोठण्याची आणि यकृताची तपासणी लिहून दिली, गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचे दोन व्यायाम करून दाखवले. निघताना त्यांनी बाटली पुन्हा पिशवीत टाकली आणि विचारलं, "मग मुलीला काय सांगू?" मी म्हटलं, पुढच्या वेळी तिलाच सोबत घेऊन या.