पुन्हा रिंगणात

विद्यार्थी मित्रांनो, खेळात एकदा हरलात तरी तुम्हांला किती वाईट वाटते! मग ज्याच्या घरी पराभवापाठोपाठ गरिबीही आली, त्या खेळाडूला काय वाटले असेल? अमेरिकेतील मुष्टियोद्धा जेम्स ब्रॅडॉक याची ही हकीकत वाचा.

जेम्सचा जन्म १९०५ साली न्यूयॉर्क शहरातील एका गरीब कुटुंबात झाला. त्याच्या उजव्या हाताचा ठोसा फार जबरदस्त होता. जुलै १९२९ मध्ये तो जगज्जेतेपदासाठी लढला. पण टॉमी लॉफ्रनने त्याला हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पुढे बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३ साली अमेरिकेतील दर चार कामगारांपैकी सुमारे एक बेकार होता. या काळाला महामंदी म्हणतात.

जेम्सचेही दिवस फिरले. लढतींमध्ये उजवा हात वारंवार मोडला. एकामागून एक सामने तो हरू लागला. घरी पत्नी आणि तीन लहान मुले होती. शेवटी तो गोदीत हमाली करू लागला. तेथेही रोज काम मिळेलच असे नव्हते. मुलांसाठी त्याला सरकारी मदतीच्या रांगेत उभे राहावे लागले. स्वाभिमानी माणसाला याहून मोठे दुःख कोणते?

पण पाहा, उजवा हात दुखावल्यामुळे गोदीतली ओझी तो डाव्या हाताने उचलत असे. त्या मेहनतीने त्याचा डावा हात मजबूत झाला! जून १९३४ मध्ये त्याला ऐनवेळी एका लढतीचे बोलावणे आले. समोर कॉर्न ग्रिफिन हा जोरात असलेला तरुण होता. जेम्सने त्याला तिसऱ्याच फेरीत हरवले. त्यानंतर त्याने आणखी दोन मोठ्या लढती जिंकल्या.

१३ जून १९३५ रोजी त्याची गाठ जगज्जेता मॅक्स बेअर याच्याशी पडली. जेम्स जिंकेल असे फार थोड्यांना वाटत होते. पंधरा फेऱ्या झाल्या. पंचांनी निकाल दिला आणि कालचा हमाल जगज्जेता झाला!

दोन वर्षांनी शिकागो येथे जो लुईने त्याला हरवले व जेतेपद गेले. पण जेम्सची एक गोष्ट कोणीच हिरावून घेऊ शकले नाही. हातात पैसा येताच त्याने सरकारकडून घेतलेली मदत परत केली होती. ती परत करा, असे त्याला कोणीही म्हटले नव्हते.

मित्रांनो, अडचणीत मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र दिवस पालटल्यावर ती आठवणीत ठेवणारा माणूसच खरा मोठा. तुम्हांला जेम्सचा कोणता विजय मोठा वाटतो, रिंगणातला की रिंगणाबाहेरचा?

शब्दार्थ
मुष्टियोद्धा – ठोशांनी लढणारा खेळाडू
गोदी – जहाजातील माल चढवण्या-उतरवण्याची जागा
ऐनवेळी – अगदी शेवटच्या क्षणी
दिवस फिरणे – वाईट काळ येणे

स्वाध्याय
१. जेम्सचा डावा हात मजबूत कसा झाला?
२. जेम्सने सरकारी मदत परत का केली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'दिवस फिरणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.